फुहाऱ्यातून सावकाश

दीक्षितपुरा, जबलपूर
शनिवार, १६ ऑक्टोबर १९६५
दुपारचे साडेचार

प्रिय हेमाताई,

मी अंगणात उलट्या घमेल्यावर बसलो आहे. समोर बाबांची मोटारसायकल उभी आहे आणि ती चालू आहे. साइडकारच्या सीटवर मी पाण्याने भरलेला पेला ठेवला आहे. पाणी थरथरतं, पण सांडत नाही. चार वाजता किक मारली, तेव्हापासून हँडलला हात लावलेला नाही. नर्मदाआत्या दोनदा बाहेर येऊन गेली. पहिल्यांदा नुसती पाहून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "कुठे जायचं नाही तर पेट्रोल काहून जाळून राहिला? लढाई आत्ता कुठे थांबली, अन् तू घरात सुरू केली!" म्हणून उठून बंद करतो.

केली. माझ्या हाताने बंद केली, ताई. ती बंद पडली नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, कारण ते लिहिण्यासाठी मला सगळा पावसाळा लागला.

तू म्हणशील, उभ्या जागी गाडी चालली यात कसला पराक्रम? बाबा होते तेव्हा ती रोजच चालायची. शाळेच्या फाटकाशी तू साइडकारचं दार उघडून स्वतःची स्वतः उतरायचीस, काठी घ्यायचीस, आणि तू आत जाईपर्यंत बाबा गाडी तशीच धुपधुपत उभी ठेवायचे. ते दार त्यांनी मुद्दाम तुझ्या पायाच्या मापाने खाली घेतलं होतं. बाबांनंतर मीही दोन वर्षं तशीच चालवली. मग जूनमध्ये जुन्या कार्ब्युरेटरचं अंगच तडकलं आणि पुढचं सगळं तू सोसलंस. पण ते का होत होतं हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल एकत्र कालवून इंजिनला पाजणारं भांडं. (आमच्या कारखान्यात सगळे कारपेटर म्हणतात. मी तू शिकवल्याप्रमाणे नीट लिहितो आहे.) बाहेरून सुटे भाग येणं बंद, आणि त्या इंग्रजी गाडीला बसेल असा दुसरा कार्ब्युरेटर जुन्या सामानाच्या सगळ्या गुरंदी बाजारात एकच निघाला. तिथल्या दुकानदार रज्जाक मियाँनी तो मला तेलकट फडक्यातून काढून दाखवला. कलकत्त्याच्या कोणा साहेबाच्या शर्यतीच्या गाडीचा होता. तोंड एवढं मोठं की त्यात लिंबू बसेल. मियाँ म्हणाले, "बेटा, ये तो हवा से बातें करेगा." मला त्याच वेळी शंका यायला हवी होती. आपल्याला हवेशी बोलायचं नव्हतं. आपल्याला दीक्षितपुऱ्याच्या गल्लीतून निघून, फुहाऱ्याच्या चौकातल्या गर्दीतून वाट काढत, पावणेअकराच्या आत शाळेच्या फाटकाशी पोचायचं होतं.

मोकळ्या रस्त्यावर तो खरंच राजा होता. पहिल्या रविवारी मी एकटा बरगीच्या रस्त्याने गेलो. गाडी अशी सुटली की बैलगाडीवाले वळून पाहत राहिले, आणि मी मूर्खासारखा हसत होतो. पण शर्यतीच्या गाडीला कधी थांबावं लागत नाही. कोपऱ्यावर गाय बसलेली नसते, पुढे टांगा नसतो, वाण्याची हातगाडी आडवी येत नाही. त्या कार्ब्युरेटरला पूर्ण उघडं राहणं तेवढं ठाऊक. हळू केलं की त्याच्या रुंद गळ्यातून हवेचा जोर कमी व्हायचा, पेट्रोल मात्र शर्यतीच्या हिशेबाने येत राहायचं. इंजिनला ठसका लागायचा, प्लग काजळीने काळा व्हायचा, आणि गाडी मान टाकायची. कुठे, तर नेहमी फुहाऱ्यात, मिश्रीलाल कपडेवाल्याच्या दुकानासमोर.

तेव्हा मला वाटायचं, गाडी मरते म्हणजे तिला पेट्रोल कमी पडतं. म्हणून मी आणखी वाढवायचो. मग ती उभ्या जागी वाघासारखी डरकाळ्या फोडायची. तुला आठवतं, टांग्याचा घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि टांगेवाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या? तू मांडीवर वह्यांचा गठ्ठा धरून सरळ समोर बघत होतीस. त्यानंतर ती मेलीच. मिश्रीलालने गादीवरूनच हाक दिली, "मास्टरनी जी की सवारी आ गई, लगाओ रे धक्का!" आणि त्याच्या दुकानातली, शेजारच्या पानठेल्यावरची सगळी पोरं धावत आली. त्यांच्यात वाईट कोणी नव्हतं. पण रोज ती पोरं, रोज तोच हशा. ऑगस्टमधल्या त्या शेवटच्या दिवशी तू दार उघडलंस, काठी टेकलीस आणि तिथून शाळेपर्यंत चालत गेलीस. चार दिवस पाय सुजून होता. पाचव्या दिवशी अंबादासमामा आले आणि तू त्यांच्याबरोबर सिवनीला गेलीस. जाताना म्हणालीस, "मुरली, रोज ढकलून नेण्यापेक्षा मी एका जागी बसलेली बरी." हे वाक्य कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठ्याने माझ्या कानात वाजत राहिलं.

मग लढाई लागली. रात्री दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद, कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी. मी गाडीच्या दिव्यालाही अर्धा काळा रंग लावला, जरी ती अंगणातून हलत नव्हती. एका सुट्टीला मी शाळेत जाऊन बेबीताईंना भेटलो. मोठ्या बाईंसमोर मी अजून पाचवीतल्यासारखा हात बांधून उभा राहतो. त्या म्हणाल्या, "हे बघ मुरलीधर, हेमलतासारखी बाई मला दुसरी मिळायची नाही. पण तिसरीचा वर्ग मी किती दिवस आलटून पालटून सांभाळू? दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जागा ठेवते. शाळा आठ नोव्हेंबरला उघडेल. तेव्हा ती नाही आली, तर नवी बाई घ्यावी लागेल. आणि आली तर रोज वेळेवर आली पाहिजे, धक्क्याची वाट बघत नाही." हे मी तुला तेव्हा कळवलं नाही. गाडी चालत नसताना ते कळवून मी तुला फक्त आणखी एक धक्का दिला असता.

त्यानंतर मी जे जे केलं ते सगळं चुकलं. पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई वर केली, खाली केली. हवेचा स्क्रू अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे. शेजारच्या गॅरेजमधला शशिकांत रोज कुंपणावरून विचारायचा, "काय रे डॉक्टर, पेशंट खाऊन-पिऊन आहे ना?" आत्याने तर ठरवलंच होतं की कलकत्त्याच्या त्या साहेबाचा आत्मा त्यात अडकला आहे.

खंडेनवमी आली. बाबांच्या वेळेसारखी सगळी हत्यारं घासून पुसून मी पाटावर मांडली. पाने, हातोडी, कानस, आणि सगळा खोललेला कार्ब्युरेटर, एक-एक भाग वेगळा. आत्या स्नान करून आली, ओल्या हळदीत आणि कुंकवात बोटं बुडवून तिने प्रत्येक वस्तूला लावली. मंद चालीचं पेट्रोल ज्याच्या भोकातून येतं, ते पितळेचं जेट तांदळाच्या दाण्याएवढं आहे. त्यालाही तिने सोडलं नाही. मी म्हटलं, "आत्या, त्याला नको, त्याला बारीक भोक आहे." ती म्हणाली, "सगळ्यात तापदायक तोच आहे ना? मग त्याला दोनदा!" आणि खरोखर दोनदा लावलं.

त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो. दसऱ्याला सकाळी मी जोडणी करायला बसलो. नेहमीप्रमाणे आधी सगळं पेट्रोलने धुणार होतो. मी काहीही न धुता जोडत नाही, हे तुला माहीत आहे. पण आत्या समोरच उभी. "पूजेचं हळदकुंकू पुसून राहिला? सणाच्या दिवशी? बाबा पाहून राहिले वरून!" बाबांचं नाव आलं की माझं काही चालत नाही. बाहेरून दिसत होतं तेवढं फडक्याने टिपलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न धुतलेले भाग जोडले. वाटत होतं, आता ही मेली ती कायमचीच.

किक मारली. गाडी सुरू झाली. मी सवयीने मूठ पिळायला गेलो, पण गरजच नव्हती. ती धुपधुप करत उभी राहिली, ताई. जशी बाबांच्या हाताखाली उभी राहायची, तशी. शशिकांत कुंपणावर दात घासत होता, त्याने ब्रश तोंडातून काढला आणि तसाच उभा राहिला. मी आत्याला साइडकारमध्ये बसवलं. संध्याकाळी दसऱ्याच्या जुलुसाच्या गर्दीत शिरलो. पुढे माणसं, मागे माणसं, गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. एकदाही मेली नाही. आत्या डोक्यावर पदर घेऊन ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना नमस्कार करत होती, जणू तिचाच जुलूस निघाला होता. घरी आल्यावर म्हणाली, "देवीनं केलं." मीही मान हलवली.

चौथ्या दिवशी ती पुन्हा मेली. पहिल्यासारखीच, काळा प्लग, ठसका, सगळं. आत्या म्हणाली, कोणाची तरी नजर लागली. शशिकांत म्हणाला, देवीची गॅरंटी तीनच दिवसांची होती. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा खचलो नाही, कारण जी गोष्ट एकदा झाली ती होऊ शकते हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी ते छोटं जेट काढलं आणि उन्हाकडे धरलं. भोकाच्या कडेला पिवळा डाग होता. हळद! दोनदा लावलेली, आत जाऊन वाळलेली. तिने भोक निम्मं बुजवलं होतं. निम्मं बुजलं म्हणून पेट्रोल कमी आलं, पेट्रोल कमी आलं म्हणून गाडी सावकाश चालली. मग पेट्रोलने हळूहळू हळद धुऊन नेली आणि भोक पुन्हा शर्यतीएवढं झालं. इतके महिने मी तिला जास्त पाजत होतो, आणि तिचं पोट मुळातच तुडुंब होतं.

मी अंगणात एवढ्या मोठ्याने ओरडलो की आत्या पोळी तव्यावर टाकून धावत आली. तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग देवीनंच केलं ना? हळद कोणाची?" यावर मी वाद घातला नाही. अजूनही घालत नाही.

पुढचं काम कष्टाचं होतं, पण भीतीचं नव्हतं. जेटचं भोक झाळून पूर्ण बुजवलं. कमानिया गेटच्या घड्याळवाल्याकडून त्याचा सगळ्यात बारीक बरमा मागून आणला आणि बोटांत धरून, श्वास रोखून, नवं भोक पाडलं. पहिलं फार बारीक झालं, गाडी शिंकायला लागली. दुसरं वाकडं गेलं. तिसरं बरोबर बसलं. मग त्या रुंद गळ्यात खराद्याकडून लेथवर पितळेची एक बांगडी करून बसवली, म्हणजे गळा अरुंद झाला आणि हळू चालतानाही हवेला ओढ राहिली. सुई एक खाच खाली. झालं. आता ती पहिल्यासारखी सुसाट पळत नाही. शशिकांतला हे सहन होत नाही. परवा म्हणाला, "अरे, रेसचा घोडा आणला अन् टांग्याला जुंपला! पाप लागेल तुला." मी म्हटलं, "भैया, आपल्याकडे टांग्याचीच सवारी आहे." तो हसला. पण नंतर स्वतःच खाली बसून कान लावून बराच वेळ ऐकत राहिला आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

आता कालची गोष्ट. ती लिहिताना मला अजून हसू येतं आहे, अक्षर हललं तर माफ कर. काल शाळा सुटताना मी फाटकाशी गाडी घेऊन उभा राहिलो आणि बेबीताईंना म्हटलं, "बाई, तुम्हाला सिव्हिल लाइन्सला घरी सोडतो. फुहाऱ्यावरून." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फुहारा माझ्या वाटेवर नाही, मुरलीधर. उलट्या दिशेला आहे." मी म्हटलं, "म्हणूनच." त्या छत्री, पिशवी आणि डबा घेऊन साइडकारमध्ये बसल्या. स्प्रिंग अशी कण्हली की मला बाबांची क्षमा मागावीशी वाटली. त्यांचं वजन तुझ्या दुप्पट तरी असेल. हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नको.

दिवाळीच्या खरेदीची गर्दी. पणत्यांच्या हातगाड्या, टांगे, एक ऊस भरलेली बैलगाडी रस्त्यात आडवी. मी गाडी नेमकी मिश्रीलालच्या दुकानासमोर उभी केली. मुद्दाम. त्याने आम्हाला पाहिलं आणि गादीवरून ओरडला, "अरे मुरली भैया, आज तो बड़ी बहन जी! बुलाऊँ लड़कों को?" पोरं आलीसुद्धा. बाह्या वर करून मागे ओळीने उभी राहिली. गाडी धुपधुपत होती. मिश्रीलाल वाट पाहत होता. पोरं वाट पाहत होती. आणि बेबीताई काय म्हणाल्या असतील? "वो हरा ब्लाउज पीस दिखाना जरा." मिश्रीलालला गादीवरून उतरून कापड रस्त्यात आणावं लागलं. बाईंनी साइडकारमध्ये बसूनच ते उजेडात धरलं, रंग जाईल का विचारलं, भाव पाडला, तो नाही म्हणाला तर "चलो मुरलीधर" म्हणाल्या, मग त्याने भाव कमी केला, मग त्यांनी पिशवीतून पैसे शोधले. गाडी चालूच. बैलगाडी हलली, मी क्लच सोडला, आम्ही निघालो. मागे पोरांचे हात हवेतच राहिले. एकजण ओरडला, "अरे, ये तो अपने आप चल दी!" बेबीताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही, तुझ्यासारख्याच सरळ समोर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. घराशी उतरल्यावर म्हणाल्या, "तिसरीची पोरं रोज विचारतात, हेमलताबाई कधी येणार. तिला कळव. जागा तिचीच आहे. पण होकार तिच्या तोंडून हवा, तुझ्या नाही."

म्हणून हे पत्र. आणि आणखी एका कारणासाठी, जे मी पहिल्या ओळीपासून टाळतो आहे. मामांचं पत्र आत्याला आलं. तिला वाचता येत नाही म्हणून मला वाचावं लागलं. तुझ्यासाठी सांगून आलेले ते वकिलांकडचे कारकून, त्यांची दोन मुलं, बायको जाऊन वर्ष झालं, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायची. मामांनी लिहिलं आहे की मुलीची हरकत नाही, आणि त्यांना शांत स्वभावाची बाई हवी आहे. ताई, तिसरीच्या वर्गातला तुझा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. तुझी तीन पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचली. मामांच्या पोरांचा अभ्यास, लोणचं, सिवनीची थंडी, सगळं आहे. ही गोष्ट एकाही पत्रात नाही. ते घर तुला मनापासून हवं असेल तर तसं सांग, मी मांडवाचे खांब स्वतः रोवीन आणि त्या मुलांना साइडकारमधून गावभर फिरवीन. पण रोज ढकलून न्यावं लागतं म्हणून तू एका जागी बसायचं ठरवलं असशील, तर ते कारण आता उरलेलं नाही. एवढंच मला तुला सुपारीच्या आधी कळवायचं होतं. उत्तर पाठवू नको, टपालात टाकायला ते मामांच्या हाती द्यावं लागेल. भाऊबीजेला मी पहाटे निघून दुपारपर्यंत गाडी घेऊन सिवनीला पोचतो. ओवाळून झाल्यावर मामा विचारतील, तेव्हा मी घाबरेन, पण बेबीताईंचा निरोप सगळ्यांसमोर सांगेन. मग बाहेर जाऊन गाडी सुरू करेन आणि दाराशी उभी ठेवेन. तू वाटेल तेवढा वेळ घे. साइडकारमध्ये पायांपुढे लहान ट्रंक मावते, मी मोजून पाहिलं आहे.

तुझाच,
मुरली